बाळ रडलं नाही तर

लेबर रूमचं दार उघडलं की बाहेर ताटकळलेली आजी विचारते, "रडलं का?" प्रश्न अगदी नेमका आहे. पोटात असताना बाळाची फुप्फुसं त्यांनीच तयार केलेल्या पाण्याने भरलेली असतात. प्राणवायू मिळतो तो वारेकडून, नाळेवाटे. जन्मल्यावर पहिल्या काही श्वासांत ते पाणी शोषलं जातं, हवा आत शिरते आणि तिथल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. शंभरातली ८५ च्या आसपास बाळं हे आपलं आपणच करतात. आणखी दहाएकांना कोरड्या, उबदार कापडाने पुसून पाठ चोळली की पुरतं. उरलेल्यांना मात्र श्वास द्यावा लागतो.

पूर्वी अशा बाळाला उलटं धरून चापट मारायचे. काही बाळं त्याने रडायचीही, म्हणून ती रीत टिकली. खरं कारण वेगळं आहे. प्राणवायू कमी पडला की बाळ आधी श्वासासाठी धडपडतं, मग थांबतं. या पहिल्या थांब्यात नुसतं चोळलं तरी ते श्वास घेतं. चापटेची गरज नसतेच. तसाच वेळ गेला तर काही आचके देऊन ते पुन्हा थांबतं. आता चोळा, हलवा, मारा, उपयोग शून्य. छातीत हवा गेली तरच ते परत येतं. आणि समोरचं निपचित बाळ कोणत्या थांब्यात आहे, हे नुसतं बघून कळत नाही! म्हणून पुसून-चोळूनही श्वास आला नाही, तर पहिल्या मिनिटातच अंबू बॅग, म्हणजे दाबून मास्कमधून हवा देणारी पिशवी, हातात घ्यायची.

मास्कने नाक-तोंड झाकायचं, डोळे नाही. मान फार मागे नको, हनुवटी छातीला टेकलेलीही नको. मिनिटाला ४० ते ६० वेळा पिशवी दाबायची. छाती हलकेच वर यायला हवी. येत नसेल तर बहुतेकदा हवा मास्कच्या कडेने निसटत असते. ठोके वाढू लागले की समजावं, जमलं. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला खोलीतली साधी हवाच द्यायची. शुद्ध ऑक्सिजनपेक्षा ती बरी, असं चाचण्यांत दिसल्यावर २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बदलल्या.

हे कसब फक्त डॉक्टरांचं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ते गावातल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना शिकवलं. घरच्या बाळंतपणात त्या आधी नळी जोडलेल्या मास्कमधून तोंडाने फुंकत, पुढे पिशवी वापरू लागल्या. श्वास कोंडून होणारे बाळांचे मृत्यू त्या गावांत घटले.