बिनव्याजी कार्ड-हप्ता

मोठ्या खरेदीची रक्कम क्रेडिट कार्डावर टाकून ती व्याजाचा वेगळा बोजा न पडता काही महिन्यांत फेडण्याची सोय. मुंबईच्या दुकानांत तिला ‘नो कॉस्ट ईएमआय’ किंवा जुन्या सवयीने ‘झिरो पर्सेंट’ म्हणतात. कार्डाला मुळातच असलेली बिनव्याजी मुदत आणि ही सोय यांत अनेकदा गल्लत होते. कार्ड निवडताना दोन्हींचा हिशेब एकत्र करावा लागत असल्याने येथे दोन्हींचा विचार केला आहे.

भारतातील पहिले क्रेडिट कार्ड कोणते, यावर एकमत नाही. एका मतानुसार हा मान डायनर्स क्लबचा. हे कार्ड न्यूयॉर्कमध्ये १९५० साली निघाले आणि १९६० च्या दशकात भारतात आले. दुसरे मत सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या १९८० मधील ‘सेंट्रलकार्ड’च्या बाजूचे आहे. ही बँक मुंबईची. सोराबजी पोचखानवाला यांनी ती १९११ मध्ये स्थापन केली. आंध्रा बँकेचे कार्डही साधारण याच सुमारास आले, आणि काही लेखक तिलाही अग्रमान देतात. हा वाद बहुतांशी व्याख्येचा आहे. डायनर्सच्या कार्डावरील बिल दरमहा पूर्ण भरावे लागे, बाकी पुढे ओढता येत नसे. जिथे थकबाकी ठेवताच येत नाही तिथे व्याजाचा प्रश्न उद्भवत नाही, आणि ‘बिनव्याजी’ या विशेषणालाही अर्थ उरत नाही. फिरते कर्ज, म्हणजे थोडे भरून उरलेले पुढे नेण्याची मुभा, अमेरिकेत बँकअमेरिकार्डाच्या रूपाने १९५८ मध्ये आले. भारतात ही पद्धत मध्यमवर्गापर्यंत पोहोचली ती परदेशी बँकांनी, विशेषतः सिटीबँकेने, १९९० च्या सुमारास कार्डव्यवसाय वाढवल्यावर. बँकेने स्वतः दिलेले कार्ड ही कसोटी धरल्यास सेंट्रलकार्डाचा दावा अधिक ग्राह्य ठरतो. बिनव्याजी मुदतीचा व्यवहारातील इतिहास मात्र फिरत्या कर्जाच्या प्रसारापासूनच धरणे योग्य.

हप्त्याने वस्तू घेण्याची रीत कार्डाहून बरीच जुनी. गिरणगावात वाण्याची उधारी, पठाणाचे व्याज, भिशी आणि पुढे पतपेढी असे पर्याय होते. सावकारी व्यवहारासाठी १९४६ चा मुंबई सावकार अधिनियम होता. त्याची जागा २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने घेतली. भाडे-खरेदीसाठी केंद्राने १९७२ मध्ये केलेला कायदा मात्र प्रत्यक्षात कधी अमलातच आला नाही आणि २००५ मध्ये तो रद्द झाला.

कार्डाची मूळ बिनव्याजी मुदत बिलाच्या तारखेवर अवलंबून असते. बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघत असेल आणि भरण्याची अंतिम तारीख २५ असेल, तर ६ तारखेच्या खरेदीला सुमारे ५० दिवस मिळतात आणि ४ तारखेच्या खरेदीला जेमतेम २१. म्हणून दसरा-दिवाळीच्या खरेदीला निघण्यापूर्वी बिलाची तारीख पाहणे हा कार्ड निवडीतील सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. (रिझर्व्ह बँकेच्या कार्डनियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनंतर बिलाचे हे चक्र किमान एकदा बदलून मागता येते, ही सोय फारच थोडे ग्राहक वापरताना दिसतात.) मागील बिलातील काही रक्कम थकली की मुदत संपुष्टात येते. मग व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते आणि नव्या खरेदीलाही सूट मिळत नाही. हा दर सामान्यतः महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक असतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी तीस टक्क्यांवरील आकारणी अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्दबातल केला.

हप्त्यांच्या योजनेत व्याज कोण सोसते, हा खरा वादविषय. एका पक्षाच्या मते उत्पादक किंवा दुकानदार व्याजाइतकी सवलत आधीच देतो, त्यामुळे ग्राहकापुरते व्याज खरोखर शून्य होते. दुसऱ्या पक्षाच्या मते ही सवलत रोखीच्या गिऱ्हाइकालाही मिळू शकली असती, म्हणजे ती नाकारली जाणे हेच व्याज. मुंबईतील फोर्टमध्ये मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात दुसऱ्या मताला बळ दिले. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही आणि व्याज बहुधा प्रक्रिया-शुल्काच्या आड लपवले जाते, असे त्यात म्हटले होते. २१ एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत भूमिका थोडी मवाळ झालेली दिसते. संकल्पना नाकारण्याऐवजी पारदर्शकतेवर भर आला: मुद्दल, व्याज आणि सवलत ही तिन्ही खरेदीचे हप्त्यांत रूपांतर करण्यापूर्वी व बिलातही वेगवेगळी दाखवावीत, आणि व्याज असलेला हप्ता ‘नो कॉस्ट’ म्हणून खपवू नये. तरीही २०१३ चे निरीक्षण हिशेबाच्या दृष्टीने अधिक काटेकोर वाटते.

उदाहरण घ्यावे. लॅमिंग्टन रोडवरील दुकानात लॅपटॉपची किंमत ६०,००० रुपये आहे; सहा हप्ते, प्रत्येकी १०,००० रुपये. बँकेचा दर वार्षिक १६ टक्के धरल्यास बँक प्रत्यक्षात सुमारे ५७,२९७ रुपयांचे कर्ज मांडते आणि उरलेले २,७०३ रुपये व्याज म्हणून दाखवते. सवलतीने ते झाकले जाते. पण कर्जावरील व्याजाला वस्तू व सेवा कराची जी माफी आहे, तिच्यातून क्रेडिट कार्डावरील व्याज वगळलेले आहे. म्हणून या व्याजावर १८ टक्के कर, म्हणजे सुमारे ४८७ रुपये, ग्राहकाच्या बिलात पडतो. प्रक्रिया-शुल्क १९९ रुपये असेल तर करासह आणखी २३५. म्हणजे ‘काहीच खर्च नाही’ म्हणताना ७२२ रुपये गेले. आता दुकानदार रोखीने घेणाऱ्याला तोच लॅपटॉप ५७,००० रुपयांत देत असेल, तर वरचे ७२२ रुपयेही धरून हप्त्याचा खरा दर वार्षिक २२ टक्क्यांच्या आसपास जातो. रोखीचा भाव न विचारता कार्ड पुढे केले की हा आकडा कधी समोर येत नाही. दुकानदारही तो आपणहून सांगणार नाही.

ब्रिटनमध्ये खरेदीवर काही महिने शून्य व्याज आकारणारी कार्डे मिळतात, आणि १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमामुळे १०० पौंडांहून अधिक ते ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूंबाबत कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. भारतात त्याच्या तोडीची तरतूद नाही, आणि शून्य व्याजाची सवलत कार्डापेक्षा ब्रँड, दुकान आणि बँक यांच्या जुळणीला मिळते. एकाच फ्रिजवर दादरच्या एका दुकानात एका बँकेचे नऊ हप्ते बिनव्याजी असतील, तर बोरिवलीत तेच दुसऱ्या बँकेचे तीनच. त्यामुळे आधी वस्तू ठरवावी, मग कार्ड. केवळ अशा खरेदीसाठी वार्षिक शुल्काचे नवे कार्ड घेणे सहसा परवडत नाही.

निवडताना नजरेआड होणाऱ्या बाबी कमी नाहीत. रूपांतर होताच कार्डमर्यादेतून पूर्ण रक्कम अडकते आणि हप्ता भरेल तशी ती मोकळी होते. मर्यादा बेताची असेल तर उरलेल्या महिन्यांत कार्ड जवळजवळ निरुपयोगी होते, आणि वापराचे प्रमाण वाढल्याने ३०० ते ९०० या श्रेणीतील पतगुणांकावरही (क्रेडिट स्कोअर) परिणाम होऊ शकतो. हप्त्याच्या व्यवहारांवर अनेक बँका रिवॉर्ड पॉइंट देत नाहीत. कर्ज मुदतीआधी फेडल्यास बहुधा शुल्क लागते. महिन्याचा हप्ता किमान देय रकमेत धरलेला असतो, पण केवळ किमान रक्कम भरणाऱ्याची इतर खरेदी व्याजात जाते. वस्तू परत केल्यास दुकानाकडून पैसे आले तरी हप्ते आपोआप थांबतीलच असे नाही. बँकेला वेगळे कळवून रूपांतर रद्द करून घ्यावे लागते, आणि प्रक्रिया-शुल्क सहसा परत मिळत नाही.

सोने व दागिने यांच्या खरेदीचे कार्ड-हप्ते बँका सामान्यतः करून देत नाहीत. झवेरी बाजारात आणि उपनगरांतील पेढ्यांवर त्याऐवजी मासिक बचत योजना चालतात. त्यांत ग्राहक आधी हप्ते भरतो आणि शेवटी दागिना घेतो. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत वळती न केल्यास कंपनी ठेव-नियमांनुसार (२०१४) ती ठेव ठरते, म्हणून अशा योजना बहुधा अकरा महिन्यांच्या असतात.