दोन बॉल आणि मधली करंगळी

पूलचं टेबल टाइट आहे की ढिलं, हे ओळखायला टेप लागत नाही. दोन बॉल घ्यायचे आणि कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी, दोन्हीकडची रबरं जिथे संपतात तिथे, शेजारी शेजारी ठेवायचे. बॉल एकमेकांना आणि दोन्ही टोकांना जेमतेम टेकले, तर तोंड साडेचार इंच. पूलचा बॉल सव्वादोन इंचांचा, म्हणजे ५७.१५ मिलिमीटरचा, हे त्याच्या बरोबर दुप्पट. दोघांच्या मध्ये करंगळी शिरली तर तोंड पाच इंच समजा. आणि दोन बॉल मावतच नसतील, तर त्या टेबलावर ‘हरेल त्याने पैसे भरायचे’ असं ठरवण्याआधी थोडा विचार करावा.

अर्ध्या-पाऊण इंचाने असा काय फरक पडतो, असं पाहणाऱ्याला वाटतं. साडेचार इंचांचं तोंड चार इंच केलं तर नववा हिस्सा गेला, एवढंच दिसतं. पण तोंडातले सव्वादोन इंच बॉल स्वतःच अडवतो. चुकायला जी मोकळी जागा उरते ती आधी सव्वादोन इंच होती, आता पावणेदोन झाली. म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त गेली. पाचवरून चारवर आलं तर एक तृतीयांशाहून जास्त जाते. बॉल पॉकेटपासून चार फुटांवर असेल, तर साडेचार इंची तोंडाला साधारण १.३ अंशांची चूक चालते, चार इंचीला एक अंशाची. आता पांढरा बॉल, म्हणजे क्यूने (खेळायच्या काठीने) ज्याला मारतात तो, त्या बॉलच्या मागे दोन फुटांवर धरा. पांढऱ्याच्या दिशेत झालेली चूक समोरच्या बॉलमध्ये दहापटीच्या आसपास वाढून उतरते. म्हणजे क्यूच्या टोकाशी हिशेब एका अंशाच्या दहाव्या भागाचा. ज्याने कॅरमच्या बोर्डावर सोंगटी भोकाच्या काठावर थरथरून परत आलेली पाहिली आहे, त्याला हे गणित न मांडताही पटेल.

खरी गोम मात्र नेमात नाही, जोरात आहे. हळू आलेला बॉल तोंडाच्या कडेला घासला तरी घरंगळत आत पडतो. तोच बॉल जोरात आला तर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटतो आणि बाहेर येतो. कुशनला, म्हणजे काठाच्या रबराला, चिकटून जाणाऱ्या बॉलचं तर नेहमीच असं होतं. त्यामुळे तोंड अरुंद केलं की खेळाडूला नुसता अचूक मारून भागत नाही, हळूही मारावं लागतं. आणि हळू मारलं की पांढरा बॉल पुढच्या शॉटसाठी हवा तिथे, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जात नाही. पॉकेट बदललं की बॉल पडण्याचं प्रमाण बदलतंच. पण कोणते शॉट खेळायचे आणि कोणते सोडून द्यायचे, तेही बदलतं. दीडशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी पॉकेटला हात लावला, त्यांना हा धडा नव्याने गिरवावा लागला.

सुरुवात लंडनला झाली, आणि पूलच्या नाही, इंग्लिश बिलियर्ड्सच्या टेबलावर. जॉन रॉबर्ट्स (थोरले) १८४९पासून विजेते म्हणून मिरवत होते. त्यांना कुणी आव्हानच दिलं नव्हतं. अखेर विल्यम कुक पुढे आला. हा तरुण ‘स्पॉट स्ट्रोक’मध्ये तरबेज होता. त्याची रीत अशी: तांबडा बॉल वरच्या कुशनजवळच्या ठरलेल्या ठिपक्यावरून कोपऱ्यात पाडायचा आणि तीन गुण घ्यायचे. नियमाप्रमाणे तांबडा परत त्याच ठिपक्यावर येतो. पांढरा आधीच अशा जागी थांबवलेला असतो की पुन्हा तोच शॉट. मग पुन्हा, आणि पुन्हा. पाहणारे जांभया देताहेत आणि फळ्यावर गुण चढताहेत, असा प्रकार.

रॉबर्ट्स-कुक सामन्याच्या निमित्ताने व्यावसायिक खेळाडूंनी अजिंक्यपदासाठी खास टेबल ठरवलं: पॉकेट तीन इंचांची, आणि तो ठिपका वरच्या कुशनच्या आणखी जवळ. उद्देश उघड होता, स्पॉट स्ट्रोकची नाकेबंदी. ११ फेब्रुवारी १८७० रोजी सेंट जेम्स हॉलमध्ये सामना झाला. गंमत अशी की ज्याचं शस्त्र काढून घेतलं तोच जिंकला. कुकचे १२०० झाले तेव्हा रॉबर्ट्स १०८३वर होते. दोनच महिन्यांत रॉबर्ट्सच्या मुलाने, धाकट्या जॉनने, कुककडून अजिंक्यपद काढून घेतलं.

त्या वेळचे हस्तिदंती बॉल दोन इंचांच्या किंचित वर होते. तीन इंची तोंडात मोकळी जागा उरायची जेमतेम एक इंच. स्पॉट स्ट्रोक थांबला खरा, पण त्याच्याबरोबर बाकीचंही थांबलं. मोठे ब्रेक, म्हणजे न चुकता एका दमात केलेले गुण, होईनात. लोकांना तर ब्रेक पाहायचे होते, दोन दिग्गज चाचपडताना नव्हे. त्यामुळे अजिंक्यपदाचे सामने या टेबलावर आणि पोटापाण्याचे प्रदर्शनी सामने नेहमीच्या सैल टेबलावर, अशी सोयीस्कर वाटणी झाली. सैल टेबलावर स्पॉट स्ट्रोक चालूच राहिला, १८९०मध्ये डब्ल्यू. जे. पील यांनी त्याच्या जोरावर ३३०४ गुणांचा ब्रेक केला. शेवटी १८९८च्या नियमांनी हा शॉट लागोपाठ मारायलाच बंदी घातली. जे काम सुताराकडून करून घ्यायचा प्रयत्न झाला होता, ते एका कलमाने झालं. माझ्या मते पॉकेटच्या साऱ्या इतिहासात याहून बोलका प्रसंग नाही.

मधल्या काळात, १८८५मध्ये, बिलियर्ड्स असोसिएशन उभी राहिली. मग प्रत्येक टेबलवाल्याचं पॉकेट वेगळं असण्याचा गोंधळ मिटवायला साचे आले. साचा म्हणजे धातूची एक पट्टी. ती पॉकेटच्या तोंडात बसवून पाहायची. बसली तर टेबल प्रमाण, नाहीतर त्यावर केलेला विक्रम वाऱ्यावर. ही नुसती धमकी नव्हती. जानेवारी १९७९मध्ये स्लाउ इथल्या स्पर्धेत जॉन स्पेन्सर यांनी स्नूकरमधला सर्वोच्च १४७चा ब्रेक केला. टेबलाची पॉकेट साच्यात बसणारी नव्हती, सैल होती, म्हणून तो अधिकृत धरला गेला नाही. त्यावर कडी म्हणजे टीव्हीवाल्यांचे कॅमेरे नेमके त्या वेळी बंद होते. स्पर्धेतला पहिला अधिकृत १४७ टीव्हीवर दिसला तो जानेवारी १९८२मध्ये, स्टीव्ह डेव्हिस यांचा, ओल्डहॅमला.

हा खेळ आपल्याकडे लष्करी मेस आणि जिमखान्यांतून आला. स्नूकर तर जबलपूरच्या छावणीतच १८७५मध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने सुरू केलं, असं मानलं जातं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. पुढे मुंबईच्या मायकल फरेरांनी ते पद तीनदा मिळवलं. ही सारी परंपरा बारा फुटी टेबलाची आणि गोलाईदार, अरुंद पॉकेटची. म्हणून क्लबातले जुने लोक पूलच्या टेबलाकडे पाहून ‘या बादल्यांत काय मारायचं’ असं म्हणतात, तेव्हा त्यात नुसतीच कुरकुर नसते.

बादल्या आल्या अमेरिकेतून. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मोठ्या टेबलाला चारच पॉकेट असत. १८५९मध्ये डेट्रॉइटला मायकल फेलन यांनी गाजवलेला सामना तसल्याच टेबलावरचा. १८७०च्या दशकात नामांकित खेळाडू पॉकेट नसलेल्या कॅरम बिलियर्ड्सकडे वळले आणि सहा पॉकेटचं टेबल पूल हॉलमध्ये, सर्वसामान्य गिऱ्हाइकाकडे गेलं. हॉलचा धंदा डावांवर चाले. डाव लवकर संपला की पुढचा लागतो. नवशिक्याचे चार बॉल पडले की तो उद्या परत येतो. घट्ट पॉकेट मालकाला परवडणारं नव्हतं. विसाव्या शतकातल्या अमेरिकी हॉलमध्ये पाच इंचांच्या आसपासचं तोंड ही सर्रास गोष्ट होती.

त्या मापावर कौशल्याला वाव नव्हता असं नाही. स्ट्रेट पूलमध्ये तर एका खेळाडूने चुकेपर्यंत मारतच राहायचं असतं, आणि तिथे पॉकेटपेक्षा डोकं जास्त लागतं. १९५४मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला विली मॉस्कोनी यांनी लागोपाठ ५२६ बॉल पाडले. पण ते टेबल होतं आठ फुटी, स्पर्धेच्या नऊ फुटीहून लहान. जॉन श्मिट यांनी २०१९मध्ये नऊ फुटी टेबलावर ६२६ केले, जेसन शॉ यांनी २०२२मध्ये ७१४. यातलं थोर कोणतं, हा वाद मिटणार नाही. लहान टेबलावर अंतर कमी पण बॉलची गर्दी जास्त. पॉकेट कशी होती आणि कापड किती वेगवान होतं, याचे हिशेब वेगळेच. आकडे एकाच रांगेत मांडता येतात, टेबलं नाही मांडता येत.

आजचा जागतिक नियम कोपऱ्याच्या तोंडाला साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच देतो आणि मधल्या पॉकेटला पाच इंच ते सव्वापाचच्या थोडं आत. मधलं मोठं का, असा प्रश्न नवखा नेहमी विचारतो. कोपऱ्यात दोन कुशन नव्वद अंशांत मिळतात आणि बॉलला नसराळ्यासारखं आत घेतात. मधलं पॉकेट सरळ कुशनमधली फट आहे. तिरकं पाहिलं की ती चिंचोळी होत जाते. थोडं वाकून, कोपऱ्याजवळच्या बॉलच्या मागून, मधल्या पॉकेटकडे एकदा बघा. पाच इंच कुठे गेले ते कळत नाही.

नियमात फक्त तोंडाची रुंदी नाही. आतल्या कडांचा कोन आहे, आणि तोंडापासून खड्ड्यापर्यंत पाटीचा (कापडाखालच्या दगडी फरशीचा) जो काठ उरतो, त्याची खोलीही आहे. हा काठ खोल असला की साडेचार इंची पॉकेटसुद्धा बॉल तोंडात खेळवून बाहेर फेकतं. उलट काठ उथळ असेल तर कडेला लागलेला बॉलही टपकन पडतो. ‘साडेचारचं टेबल’ म्हणून दोन ठिकाणी खेळा, जमीन-अस्मानाचा फरक जाणवेल. कारागीर रबराच्या टोकाशी पातळ पट्ट्या चिकटवून तोंड आवळतात. तेव्हा रुंदी घटते, पण कोन नीट कापला नाही तर टेबल कठीण न होता नुसतं लहरी होतं.

आता पुन्हा आवळण्याचे दिवस आले आहेत. कारण १८७०सारखंच आहे: खेळाडू फार पुढे गेले. गुळगुळीत, वेगवान कापड, एकसारखे फिनॉलिक बॉल, कार्बनच्या क्यू, बॉल घट्ट रचून देणारे पातळ प्लास्टिकचे साचे. नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात ब्रेक करणारा (इथे ब्रेक म्हणजे रचलेले बॉल फोडणारा पहिला फटका) खुर्चीवर न बसता डावामागून डाव संपवू लागला. म्हणून मॅचरूम या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीच्या स्पर्धांमध्ये गेल्या काही वर्षांत चार इंची पॉकेट आली. नेम धरणाऱ्याची खरी परीक्षा आता होते, असं समर्थक म्हणतात. विरोधकांचं म्हणणं वेगळं: कुशनलगतचा जोरदार शॉट खेळायला कुणी धजत नाही, सगळे सेफ्टी, म्हणजे बॉल न पाडता समोरच्याला अडचणीत टाकणारे शॉट, खेळत बसतात. मला दुसऱ्या बाजूचं जास्त पटतं. चार इंचांनी कमकुवत खेळाडू बाहेर पडतो हे खरं, पण त्याच्याबरोबर जो शॉट पाहायला लोक येतात तोही थोडा बाहेर पडतो.

अर्थात घट्टपणाला सरावलेले लोकही आहेत. चिनी एट-बॉलमध्ये पूलचेच बॉल स्नूकरच्या घडणीच्या गोलाईदार पॉकेटमध्ये पाडतात आणि तो खेळ तिकडे जोरात आहे. रशियन पिरॅमिडमध्ये बॉल ६८ मिलिमीटरचा आणि कोपऱ्याचं तोंड ७२-७३ मिलिमीटरचं. दोन्ही बाजूंना मिळून मोकळी जागा चार-पाच मिलिमीटर. तिथे नियमच निराळे आहेत: मारलेला बॉल दुसऱ्यावर आपटून स्वतः पॉकेटात गेला तरी गुण मिळतो. पॉकेट लहान केल्यावर खेळ त्याच्याभोवती नव्याने बांधला, म्हणून तो टिकला.

मी ज्या पार्लरमध्ये शिकलो तिथे चार टेबलं होती. मालकाने एकदा हौसेने कोपऱ्यातल्या टेबलाची रबरं बदलून तोंडं आवळून घेतली. पहिला आठवडा सगळ्यांनी त्यावर गर्दी केली, दुसऱ्या आठवड्यात बॉल तोंडात खडखडण्याचाच आवाज ऐकू यायचा. महिन्याभराने संध्याकाळी तीन टेबलांवर नंबर लागलेले असत आणि चौथ्यावर पांढरी चादर. दुपारी मात्र आमच्यातले दोघे-तिघे चादर बाजूला करून तासन्‌तास एकच शॉट मारत बसायचे: कुशनला चिकटलेला बॉल, हळू, आणखी हळू.