आधी रीत की आधी बोली? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

माणसात आधी रीत, म्हणजे संस्कृती, आली की आधी भाषा, हा जुना वाद. पाहून शिकलेली रीत कळपात टिकली की तिला संस्कृती म्हणायचे, असे ठरवले तर तो उरतच नाही. जपानच्या कोशिमा बेटावर 1953 मध्ये एक माकडीण रताळी धुऊन खाऊ लागली आणि ती सवय कळपात पसरली. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातले चिंपांझी दगडाने कठीण कवचाची फळे फोडतात. तिथे उत्खननात मिळालेले त्यांचे असे दगड सुमारे 4,300 वर्षांपूर्वीचे आहेत. वाद आहे तो पुढचा: बोलीवाचून रीत कुठपर्यंत पोचली आणि कुठे अडली?

पॅरिसच्या एका भाषाविषयक मंडळाने 1866 मध्ये भाषेच्या उगमावरचे निबंध घेणेच बंद केले. त्या काळच्या तर्कबाजीकडे पाहता ते फारसे चुकलेही नव्हते. पुढे वादाचा भार दगडी हत्यारांवर आला.

इथिओपियातल्या गोना इथली ओल्डोवान, म्हणजे गोट्यांचे छिलके काढून केलेली सुरुवातीच्या काळातली, हत्यारे सुमारे 26 लाख वर्षांपूर्वीची. हातोडदगडाने गोट्याचा धारदार छिलका काढणे दिसते सोपे. पण जिथे घाव घालायचा ती कड 90 अंशांहून कमी कोनाची लागते. घाव अगदी काठावर बसला तर काठाचा चुरा होतो, फार आत बसला तर दगड फुटतच नाही. नवशिक्या मग जोर वाढवतो आणि आणखी फसतो, कारण चूक जोरात नसते, कोनात असते. नुसते बघणाऱ्याला कोन उमगत नाही.

2015 मध्ये प्रसिद्ध झालेला, 184 जणांवरचा प्रयोग याच मुद्द्यावर होता. काहींना फक्त तयार छिलके दिले, काहींना करणारा दाखवला, काहींचा हात धरून पकड सुधारली, काहींना खुणांनी आणि काहींना बोलून शिकवले. नुसते बघून फारसा फायदा झाला नाही. शिकवण्याने, विशेषतः बोलून शिकवण्याने, झाला. यावरून ओल्डोवान काळातच भाषेची गरज भासू लागली असावी, असा अर्थ काढला गेला. तो ताणलेला आहे. शिकणारे सगळे आजचे, जन्मभर बोलून शिकलेले. त्यांना शब्दांचा फायदा होणारच. तेव्हाच्या मानवाचे शब्दावाचून अडत होते, हे त्यातून ठरत नाही. शिवाय खूप अवघड अशा लव्हाल्वा पद्धतीचा जपानी विद्यार्थ्यांवरचा प्रयोग 1997 मध्येच छापून आला होता. त्या पद्धतीत आधी गाभ्याची कड घडवायची, पृष्ठभाग फुगीर करायचा आणि मग एका घावात हव्या आकाराचा छिलका उतरवायचा. बोलून शिकलेले आणि न बोलता शिकलेले यांच्यात तिथे लक्षणीय फरक दिसला नाही. हा प्रयोग मात्र कमी सांगितला जातो.

चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथल्या हातकुऱ्हाडी सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीच्या. हा घाट पुढे लाखो वर्षे फारसा बदलला नाही. बोलणाऱ्यांची परंपरा इतकी साचेबंद राहील का, ही शंका रास्त आहे.

हाडे आणि जनुके निकाल देत नाहीत. इस्रायलच्या केबारा गुहेत 1983 मध्ये मिळालेल्या निअँडरथलच्या, म्हणजे आपल्या जवळच्या पण नामशेष झालेल्या मानवाच्या, जिभेखालचे हाड आपल्यासारखेच निघाले. 2001 मध्ये वाचेशी जोडलेल्या ‘फॉक्सपी2’ जनुकातले आपले दोन खास बदल निअँडरथलमध्येही आहेत, हे 2007 मध्ये दिसले; आपल्यात हा जनुक अलीकडे निवडीने झपाट्याने पसरला, हा दावाही 2018 मध्ये लंगडा पडला.

उलट्या बाजूचा, म्हणजे बोली कशी घडते याचा, पुरावा निकाराग्वातला. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून मानाग्वाच्या शाळेत कर्णबधिर मुले एकत्र आली. घरून आणलेल्या तुटक खुणांतून त्यांची सामाईक खूणभाषा उभी राहिली, पण तिचे पक्के व्याकरण घडवले ते मागाहून आलेल्या लहान मुलांनी.