ऊर्जास्रोत : नवीकरणीय आणि अनवीकरणीय

वापरल्यानंतर माणसाच्या हयातीत पुन्हा भरून निघणाऱ्या ऊर्जास्रोतांना नवीकरणीय म्हणतात. सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, भरती-ओहोटी, भूगर्भातील उष्णता आणि जैवभार (लाकूड, शेण, पाचट यांसारखे सजीवांपासून मिळणारे इंधन) हे स्रोत या गटात येतात. दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू आणि युरेनियम हे अनवीकरणीय स्रोत होत. त्यांचे साठे मर्यादित आहेत आणि ते नव्याने तयार होण्याचा वेग वापराच्या वेगापुढे जवळजवळ शून्य आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या प्राथमिक ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश आजही कोळसा, तेल आणि वायू यांच्यापासूनच मिळते.

मराठीत या वर्गवारीची ‘पारंपरिक’ आणि ‘अपारंपरिक’ या जोडीशी नेहमी गल्लत होते. लाकूडफाटा, गोवऱ्या आणि पाणचक्की यांच्याइतके पारंपरिक दुसरे काय असणार? तरी हे सगळे नवीकरणीय आहे. उलट अणुऊर्जा विसाव्या शतकातली, पण तिचे इंधन खाणीतून येते आणि संपते. ‘स्वच्छ’ आणि ‘हरित’ ही विशेषणे तर तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतात. स्रोत भरून निघतो का, हा एक प्रश्न आणि तो वापरताना काय बिघडते, हा दुसरा.

उपसा आणि भरणा

विहिरीला झरा जिवंत असला तरी पंप जोराचा लावला की तळ दिसतो. ऊर्जास्रोतांचेही तसेच आहे. याचे उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ या भूऔष्णिक क्षेत्रात पाहायला मिळते. तिथे १९६० पासून जमिनीतल्या वाफेवर वीज तयार होते. एकामागून एक जनित्रे बसत गेली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाफेचा दाब झपाट्याने उतरू लागला. खालचे खडक तापलेलेच होते, संपत चालले होते ते त्यांच्या भेगांमधले पाणी. १९९७ पासून आसपासच्या वस्त्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळांनी आणून जमिनीत सोडायला सुरुवात झाली, तेव्हा घसरण आवरली. जंगलाचेही हेच गणित आहे. वाढीपेक्षा तोड जास्त झाली, की सरपण नवीकरणीय राहत नाही. ऊन आणि वारा यांना मात्र हा नियम लागत नाही, कारण आज वीज काढली म्हणून उद्याचे ऊन कमी होत नाही.

जळणारी इंधने

दगडी कोळशाचे बरेच साठे सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींमधील वनस्पतींपासून बनले आहेत. औष्णिक वीजकेंद्रात हा कोळसा चक्कीत दळून पिठासारखा बारीक करतात आणि गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत फवारतात. त्याचा कण क्षणात जळून जातो. कोळशातला दर १२ किलो कार्बन हवेतला ३२ किलो ऑक्सिजन घेऊन ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे कोळशाच्या ढिगापेक्षा धुराड्यातून निघालेला वायूच वजनाला जास्त भरतो. तो डोळ्यांना दिसत नसल्याने हे चटकन पटत नाही. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर १० लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे २८० रेणू होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. हवाईतील मौना लोआ येथे १९५८ पासून सुरू असलेल्या मोजणीत ही चढण वर्षागणिक नोंदली गेली आहे.

जे जळत नाही ते राख म्हणून उरते. बारीक राख धुराबरोबर वर जाते आणि विजेने भारलेल्या पत्र्यांवर पकडली जाते. तिचा उपयोग सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये होतो, पण बरीचशी राख पाण्यात कालवून तलावात साठवली जाते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंग्स्टन येथे डिसेंबर २००८ मध्ये अशा तलावाचा बांध फुटला आणि सुमारे ४१ लाख घनमीटर राखेचा चिखल नदीत आणि वस्तीत पसरला. राखेत आर्सेनिक, शिसे आणि पारा यांचे अंश असतात. कोळशातल्या गंधकापासून सल्फर डायऑक्साइड बनतो आणि आम्लपर्जन्याला कारण ठरतो. पाण्यात कालवलेल्या चुनखडीच्या भुकटीने धूर धुतला तर हा वायू अडवता येतो आणि त्यातून जिप्सम मिळते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस साचलेल्या धुरक्यात तेव्हाच्या मोजणीनुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. त्या घटनेनंतर १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

नैसर्गिक वायूवर वीज केली तर कोळशाच्या साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो, राख उरत नाही आणि गंधकही नगण्य असते. मात्र हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. विहिरीपासून चुलीपर्यंत कुठेही तो गळला, तर २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. गळती वाढली की कोळशावरची सरशी तिथेच संपते. तेलाच्या बाबतीत समुद्रातली गळती सर्वांच्या लक्षात राहते. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ११ कामगारांचा बळी घेणाऱ्या स्फोटानंतर विहीर ८७ दिवस वाहत होती. तरीही तेलाचा मोठा उपद्रव रस्त्यावरच्या वाहनांच्या धुरातून रोजच्या रोज होतो, हे विसरता कामा नये.

युरेनियम

नैसर्गिक युरेनियममध्ये सहज विखंडन होणारे, म्हणजे अणुकेंद्र फुटून ऊर्जा देणारे, युरेनियम-२३५ केवळ ०.७ टक्के असते. अणुभट्टी चालू असताना कार्बन डायऑक्साइड निघत नाही, त्यामुळे हा अनवीकरणीय स्रोत हवामानाच्या दृष्टीने सौर आणि पवन ऊर्जेच्या पंक्तीला बसतो. अडचण वापरून झालेल्या इंधनाची आहे. त्यातल्या प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचा साठा निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे २४,००० वर्षे आहे. फिनलंडने यासाठी ४०० मीटरहून खोल खडकात ओंकालो हे भांडार खोदले आहे. चेर्नोबिल (१९८६) आणि फुकुशिमा (२०११) या अपघातांनी गावेच्या गावे रिकामी करावी लागली.

नवीकरणीय स्रोतांचे परिणाम

इंधन जाळताना होणारे नुकसान रोज नव्याने होते, तर नवीकरणीय स्रोतांचे बरेचसे नुकसान उभारणीच्या वेळी आणि जागेपुरते होते. पण ती जागा केवढी असावी? ब्राझीलमधील बाल्बिना धरणाने २५० मेगावॅट क्षमतेसाठी २,००० चौरस किलोमीटरहून अधिक वर्षावन बुडवले. पाण्याखाली कुजणाऱ्या झाडांमधून इतका मिथेन निघत राहिला, की दर युनिटमागे ही वीज कोळशापेक्षाही वाईट असल्याचे अभ्यासकांनी दाखवले. चीनमधील थ्री गॉर्जेस धरणाची क्षमता २२,५०० मेगावॅट असली, तरी त्यासाठी १० लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. धरण गाळही अडवते, त्यामुळे खालच्या खोऱ्याची आणि त्रिभुज प्रदेशाची माती झिजते. माशांच्या वाटा बंद होतात. अमेरिकेतील क्लामथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत पाडण्यात आली आणि त्याच वर्षी सॅमन मासे जुन्या धरणांच्या वरच्या अंगाला दिसू लागले.

पवनचक्कीची पाती पक्ष्यांना आणि वटवाघळांना घातक ठरतात, विशेषतः ती त्यांच्या नेहमीच्या वाटेवर उभारली तर. काचतंतू आणि राळ यांची ही पाती निकामी झाल्यावर वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत. सौर पटलासाठी सिलिकॉन विजेच्या भट्टीत प्रचंड तापमानाला गाळावे लागते आणि ती वीज अनेकदा कोळशाचीच असते. एवढे करूनही पटल आपल्यावर खर्च झालेली ऊर्जा साधारण एक ते तीन वर्षांत परत करते आणि पुढे पंचवीसएक वर्षे चालते. खाणीपासून मोडीपर्यंतचे सगळे उत्सर्जन धरून आंतरशासकीय हवामान बदल समितीने २०१४ मध्ये दिलेले मध्यम आकडे असे : दर युनिट विजेमागे कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, सौर पटले ४० ते ५०, जलविद्युत २४ आणि अणुऊर्जा व पवनऊर्जा प्रत्येकी सुमारे १२. रात्रीची आणि वारा पडल्यावरची गरज भागवायला बॅटऱ्या लागतात. त्यांच्यासाठी लागणारे लिथियम, निकेल आणि कोबाल्ट पुन्हा खाणीतूनच येतात.

जैवभाराचा हिशेब सर्वांत निसरडा आहे. घरातल्या चुलीत जळणारे लाकूड, शेण आणि पाचट नवीकरणीय खरे, पण त्यांच्या धुराने स्वयंपाक करणाऱ्यांची फुप्फुसे काळवंडतात. घरांतील चुली आणि शेगड्यांच्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख अकाली मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मोठ्या वीजकेंद्रांत लाकडाच्या गोळ्या जाळतात, तेव्हा आंतरराष्ट्रीय नोंदींच्या पद्धतीनुसार तो कार्बन धुराड्यापाशी मोजला जात नाही. जिथे झाड तोडले त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात तो आधीच धरला आहे, असे मानतात. कागदावर हे बरोबरही आहे. झाडाला पुन्हा तेवढे वाढायला मात्र काही दशके लागतात आणि तोवर तो कार्बन हवेतच असतो.