उजव्या खिशातला मोबाईल आणि डावा कान

आप्पांच्या कानातलं मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, घरात सुरळीत चालतं आणि शेतात गेलं की तुटक तुटक बोलतं. हे कोडं सोडवायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला. अमळनेरपासून आत आमचं गाव. आप्पा ओसरीत बसून पुण्याच्या माझ्या बहिणीशी पाऊण तास बोलतात. मोबाईल खिशातच असतो, तिचा आवाज ब्लूटूथने थेट मशीनमध्ये येतो. तेच बांधावर उभे राहिले की दर दोन शब्दांमागे "काय म्हनस? काय म्हनस?" सुरू होतं.

पहिला संशय टॉवरवर गेला. म्हणून मोबाईलमध्ये आधीच भरून ठेवलेली भजनं लावून पाहिली, कारण त्यांना नेटवर्क लागतच नाही. बांधावर भजनही तुटलं. मग मोबाईल उजव्या खिशातून काढून नेहरू शर्टाच्या डाव्या, छातीवरच्या खिशात ठेवला आणि भजन अखंड सुरू झालं. पुन्हा उजवीकडे ठेवला की पुन्हा तुटलं. विहिरीजवळच्या पंपघरात, भिंतींच्या आत, मात्र उजव्या खिशातूनही ठीक चाललं.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. माणसाचं शरीर या लहरींच्या दृष्टीने खारट पाण्याने भरलेली घागर आहे. पाणी त्या शोषून घेतं आणि पलीकडच्या बाजूला सावली पडते. आप्पांच्या जोडीत मोबाईलशी बोलण्याचं काम डाव्या कानाचं मशीन करतं आणि उजव्या कानाला आवाज पुढे पोचवतं. मोबाईल उजव्या खिशात असला की मध्ये कंबर, पोट, छाती, मान असं सगळं येतं. घरात तरीही चालतं, कारण लहर भिंतीवर, छतावर, कपाटावर आपटून वळसा घालून डाव्या कानापर्यंत येते. उघड्या शेतात तिला परतवणारी भिंतच नसते. ब्लूटूथला मोकळं रान जास्त सोयीचं असेल असं आपल्याला वाटतं, पण शरीराची सावली मध्ये असेल तर नेमकं उलट घडतं. काही मशीनमध्ये फोन कोणत्या कानाने घ्यायचा ही बाजू बदलता येते. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, गेल्यावर आठवणीने विचारावं.

हे इतकं सविस्तर लिहिलं, कारण घरोघरी अशा वेळी एकच वाक्य ऐकू येतं, "म्हाताऱ्या माणसाला हे जमत नाही." आप्पांचं काहीच चुकत नव्हतं. त्यांना फक्त खिसा बदलायला हवा होता आणि ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पण मुळात ही थेट कानात आवाज सोडण्याची खटपट हवी कशाला? मशीन आवाज मोठा करतंच की. आप्पा त्यांची अडचण अहिराणीत पाच शब्दांत सांगतात, "ऐकू येस, पन समजस नही." वयाने कान जातो तेव्हा आतल्या शंखाकृती भागातल्या, उंच पट्टीचे स्वर टिपणाऱ्या केसपेशी आधी झिजतात. स, श, फ, थ ही व्यंजनं त्याच पट्टीत राहतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात, आणि 'सात' म्हटलं की 'साठ' हे नुसत्या अंदाजाने ठरवावं लागतं. त्यात भर अंतराची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचा ट्रॅक्टर तेवढेच राहतात. मशीन बोलणंही मोठं करतं आणि पंखाही. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळचा किंवा टीव्हीच्या तारेतला आवाज सरळ कानात आला, तर हा मधला गोंगाट वगळला जातो. म्हणून या उपकरणांचं मोल खरोखर मोठं आहे, आणि म्हणूनच ती बिघडली की माणूस इतका हिरमुसतो.

आप्पांच्या आधीच्या मशीनबरोबर गळ्यात घालायचा स्ट्रीमर होता. डबीएवढं यंत्र, आणि गळ्याभोवती येणारी त्याची दोरी हीच त्याची वायर. मोबाईलचं ब्लूटूथ हा स्ट्रीमर घ्यायचा आणि पुढे मशीनला आवाज द्यायचा तो चुंबकीय क्षेत्रातून. ही युक्ती फार सुंदर आहे. दहा मेगाहर्ट्झच्या आसपासच्या चुंबकीय क्षेत्राला शरीरातलं पाणी जवळपास आडवं येत नाही. डोक्याच्या आरपार, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे आवाज पोचवायलाही अनेक मशीन हाच मार्ग वापरतात. गैरसोय एवढीच की हे क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. अंतर दुप्पट झालं की जोर आठवा हिस्सा उरतो. त्यामुळे स्ट्रीमर गळ्यातच हवा. आप्पा तो खाटेवर काढून ठेवत आणि मशीन मुकं झालं म्हणत. शिवाय त्याच्या माइकवर शर्ट घासला की खसखस ऐकू येई, आणि रात्री मोबाईलबरोबर त्यालाही चार्जिंगला लावणं आलंच. लोडशेडिंगच्या गावात प्लगला लावायची आणखी एक वस्तू वाढणं किती जाचक असतं, ते तिथे राहणाऱ्यालाच कळतं.

सगळ्यात जास्त वैताग टीव्हीने दिला. टीव्हीचा आवाज मशीनला पाठवणारी, टीव्हीशेजारी ठेवायची पेटी आणली. टीव्हीच्या मागे हेडफोनचं भोक होतं, त्यात तिची पिन घातली तर टीव्हीचा स्पीकरच बंद. आप्पांना बातम्या स्वच्छ, आणि माय समोर बसून मुक्या चित्रांकडे बघतेय. मग ऑप्टिकल वायर लावली. आता स्पीकर चालू, पण पेटीत शांतता. दोन दिवसांनी उलगडा झाला. टीव्ही त्या वायरीतून डॉल्बीच्या गुंडाळलेल्या रूपात आवाज पाठवत होता आणि आमच्या पेटीला फक्त साधा, न गुंडाळलेला पीसीएम आवाज समजत होता. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' केलं आणि आवाज आला. पेटीच्या माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत होतं. ज्यांच्यासाठी ही वस्तू बनवली, त्यातल्या बहुतेकांची नजरही वयाने मंदावलेली असते, याचा विचार छापणाऱ्यांनी करायला हवा होता.

पेटीआधी आम्ही बाजारातला स्वस्त ब्लूटूथ ट्रान्समीटरही लावून पाहिला होता. त्याने आवाज दिला, पण उशिरा. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाजाचे तुकडे करून ते आकुंचित करायचे, पाठवायचे, थोडा साठा करून पुन्हा उलगडायचे, यात सहज १५० ते २०० मिलिसेकंद जातात. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १५० मिलिसेकंद उशीर हा पन्नासेक मीटरवर बसल्यासारखा झाला. शेताच्या त्या टोकाला कोणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड आधी पडलेली दिसते आणि 'ठक्क' मागून येतं, तसं. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की तो फरक जाणवू लागतो, असं प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात नोंदलं आहे. धड कानाच्या माणसाला हे नुसतं खटकतं. कमी ऐकू येणारा माणूस मात्र नकळत ओठ वाचत असतो, त्याचा आधारच सरकतो. त्यात आप्पांच्या मशीनची कानात बसणारी टोपी छिद्रांची, उघडी. टीव्हीच्या स्पीकरचा आवाज कानात थेट शिरतो आणि तोच आवाज ब्लूटूथमधून मागाहून येतो. प्रत्येक वाक्य विहिरीत बोलल्यासारखं दोनदा. मोबाईलवर व्हिडिओ पाहताना असं सहसा होत नाही, कारण उशीर किती होणार हे मोबाईलला माहीत असतं आणि तो चित्रच तेवढं थांबवतो. मशीनच्याच कंपनीच्या पेट्या ब्लूटूथऐवजी स्वतःची वेगळी पद्धत वापरतात, त्यांत उशीर खूप कमी असतो. म्हणून त्या महाग असूनही घ्याव्या लागतात, आणि मशीनची कंपनी बदलली की पेटीही निरुपयोगी होते. हा खर्च मला आजही सलतो.

त्याच उघड्या टोपीमुळे भजनातला मृदंग पातळ, पत्र्यावर वाजल्यासारखा येतो. खालच्या पट्टीचा आवाज छिद्रांतून बाहेर निसटतो. ते मशीन बिघडल्याचं लक्षण नाही. छिद्रं बंद केली तर मृदंग भरतो, पण स्वतःचं बोलणं डोक्यात घुमू लागतं. कोणता त्रास सोसायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता ब्लूटूथ या नावाबद्दल. धुळ्याहून शिरपूरच्या एस.टी.त बसलं की अहिराणी कानावर पडते, कोणी गुजरी बोलत असतं, कोणी पावरी. सगळे खान्देशचे, पण सगळ्यांचं सगळ्यांना कळतं असं नाही. खोक्यावरचं ब्लूटूथचं चिन्ह तसंच आहे. आयफोनशी थेट जुळणारी मशीन २०१४ मध्ये आली, ती ॲपलच्या पद्धतीने बोलतात. अँड्रॉइडसाठी गुगलने 'आशा' नावाची पद्धत २०१८ मध्ये जाहीर केली, पण ती प्रत्येक अँड्रॉइड मोबाईलमध्ये असतेच असं नाही. काही मशीन साधं जुनं ब्लूटूथ बोलतात, म्हणून कोणत्याही फोनला जुळतात, पण सेल जास्त खातात. श्रवणयंत्र बनवणाऱ्यांची युरोपातली संघटना आणि ब्लूटूथचं मानक ठरवणारी संस्था २०१४ मध्ये एकत्र आल्या. त्यातून सगळ्यांसाठी एक अशी नवी पद्धत, एलई ऑडिओ, २०२० मध्ये जाहीर झाली आणि तिची मानकं २०२२ मध्ये पूर्ण झाली. ती चालायला मशीन आणि मोबाईल दोन्ही तशी हवीत. दुकानात "ब्लूटूथ आहे ना?" एवढंच विचारून चालत नाही. आपला मोबाईल बरोबर न्यावा, तिथेच जोडून फोन लावावा, आणि तो फोन चालू असताना दुकानाबाहेर मोकळ्या रस्त्यावर येऊन चार पावलं चालावं.

फोनवर बोलताना आणखी एक गोंधळ होतो. काही पद्धतींत समोरच्याचा आवाज कानात येतो, पण आपला आवाज मोबाईलचाच माइक उचलतो. मोबाईल खिशात असेल तर बहीण म्हणते, "आप्पा, तुमचा आवाज येत नाही." आप्पांना वाटतं मशीन बिघडलं. काही मशीन स्वतःच्या माइकने बोलणं उचलतात, तिथे हात मोकळे राहतात. आपलं कोणत्या जातीचं ते आधी जाणून घेतलं तर दोन्हीकडची चिडचिड वाचते. आवाज थेट कानात येत असताना अनेक मशीन बाहेरचे माइक मंद करतात, हेही घरच्यांना माहीत हवं. आप्पा टीव्ही पाहताना माय तीनदा हाक मारायची आणि ओ मिळत नाही म्हणून तिला राग यायचा. मोबाईलमधल्या ॲपवर बाहेरचा आवाज किती मिसळायचा ते ठरवता येतं. तो थोडा वाढवला, आणि घरातलं एक जुनं भांडण थांबलं.

सेलची गोष्ट खान्देशात वेगळीच. तपकिरी स्टिकरच्या ३१२ नंबरच्या सेलमध्ये १६० ते १८० मिलिअँपिअर-तास मावतात. मोबाईलच्या बॅटरीत ५०००, आणि तिचा विद्युतदाबही दुपटीहून जास्त. एवढ्याशा शिदोरीवर दिवसभर रेडिओ चालवायचा आहे. हा सेल झिंक-एअर जातीचा, स्टिकर काढलं की छिद्रांतून हवेतला ऑक्सिजन घेऊन चालतो. पण छिद्र उघडं म्हणजे आतली ओलही बाहेर जाणार. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि सेल वापराविनाही सुकतो. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवावा, आणि उरलेले सेल माठाच्या खोलीत, स्टिकरसकट ठेवावेत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, ओल धरते. चार्जिंगची मशीन घेतली तर लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करायची नसते. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जर थांबला तर तो बिघडलेला नाही, जपतोय. रात्री गार झाल्यावर लावावा.

एक जुनी सोय मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. टी-कॉइल. मशीनमधली तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी. खोलीभोवती फिरवलेल्या वायरीतून, म्हणजे लूपमधून, आवाजाचा प्रवाह सोडला की ती तो चुंबकीय क्षेत्रातून थेट उचलते. जोडी जुळवणं नाही, पासवर्ड नाही, उशीर नाही, कंपनीचं बंधन नाही. जुन्या वायरिंगजवळ ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते, हा तिचा दोष. एलई ऑडिओतली ऑराकास्ट ही पद्धत पुढे हेच काम जास्त स्वच्छ करेल. मंदिरात एक प्रसारक लावला तर सप्ताहातलं कीर्तन सभामंडपातल्या कितीही मशीनमध्ये एकाच वेळी जाऊ शकेल. आमच्या भागात अजून ना लूप दिसला ना ऑराकास्ट. नवं मशीन घेताना जागा वाचवायला टी-कॉइल काढून टाकलेलं मॉडेल दाखवलं, तेव्हा आम्ही ते परत केलं.

सध्या आप्पांच्या खाटेभोवती, गादीखालून, मी वायरीचा एक फेरा घातला आहे. तो एका छोट्या लूप ॲम्प्लिफायरला जोडलाय आणि ॲम्प्लिफायर रेडिओला. पंख्याचा रेग्युलेटर बदलल्यावर गुणगुण बरीच कमी झाली. सकाळी बातम्या लागतात तेव्हा आप्पा मशीन 'टी'वर करून आडवे पडतात, मोबाईल डाव्या खिशात.