शिकागोहून मिनियापोलिसला घर हलवताना: तारीख, वजन, कागद आणि खर्च

शॉम्बर्ग, नेपरव्हिल, ऑरोरा या शिकागोच्या उपनगरांतून मिनियापोलिस-सेंट पॉलकडे जाणाऱ्या कुटुंबांचं सामान आम्ही पोहोचवतो. अंतर सुमारे ४०० मैलांचं. फोनवर पहिला प्रश्न बहुतेकदा एकच असतो: "टू बेडरूमचं किती पडेल?" सामान न बघता याचा आकडा सांगणारा अंदाजपंचे बोलतोय, असं खुशाल समजा. शेवटी हातात पडणारं बिल ठरतं ते तुम्ही कुठली तारीख धरता, किती वजन नेता आणि कुठल्या कागदावर सही करता यावर. ट्रक आमचा घ्या किंवा दुसऱ्या कोणाचा, पुढे दिलेले नियम सगळ्यांना सारखेच लागू आहेत. राज्याची हद्द ओलांडणारं सामान केंद्रीय कायद्याखाली येतं.

तारीख आधी, ट्रक नंतर

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सगळीकडे गर्दी असते, आणि त्यातही महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस सर्वांत महाग. लीज महिनाअखेरीला संपतात, त्यामुळे सगळ्यांना तेच दिवस हवे असतात. महिन्याच्या मधला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार मिळाला तर घासाघीस न करताही भाव उतरतो.

मुलं शाळेत जाणारी असतील तर एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. आपल्या इकडच्या उपनगरांत शाळा ऑगस्टच्या मध्यावर उघडतात. मिनेसोटात बहुतेक शाळा लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपास सुरू होतात. म्हणजे ऑगस्टचा तिसरा आठवडा मुलांचा एकही दिवस न बुडवता वापरता येतो. लसीकरणाच्या नोंदी आणि शाळेचे दाखले मात्र जुन्या शाळेतून जुलैतच मागून ठेवा.

जुनी लीज ३१ ला संपते आणि नवी १ तारखेला सुरू होते, अशी जुळणी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात नव्या अपार्टमेंटची किल्ली दुपारी मिळते, कधी रंगकाम बाकी असतं, हिवाळ्यात वाटेत बर्फाचं वादळ येतं. ट्रक दारात उभा राहिला तर थांबण्याचे पैसे लागतात. सामान गोदामात ठेवावं लागलं तर ते उतरवणं, ठेवणं, पुन्हा चढवणं आणि पुन्हा पोहोचवणं या प्रत्येकाचे पैसे वेगळे. त्यापेक्षा नव्या घराच्या लीजिंग ऑफिसला तीन-चार दिवस आधीपासून दिवसांच्या हिशेबाने भाडं लावायला सांगा. कशाचा आग्रह धरायचाच असेल तर आम्ही या एका गोष्टीचा धरतो.

शिकागो डाउनटाउनच्या टोलेजंग इमारतीतून निघणार असाल तर सामानाची लिफ्ट आधी राखून ठेवावी लागते, आणि इमारतीचं व्यवस्थापन बहुधा आमच्या विम्याचं प्रमाणपत्र मागतं. ते कळवा, आम्ही पाठवतो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेलं घर असेल तर तेही लपवू नका. जिन्याचे जादा पैसे दारात कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

वजन कुठे लपलेलं असतं

आंतरराज्य मूव्हचा दर साधारणपणे वजन आणि अंतर यांवर ठरतो. ढोबळ हिशेब असा, की भरलेल्या एका खोलीचं सामान सुमारे १,००० पाऊंड आणि ट्रकमधल्या दर घनफुटाला ७ पाऊंड. आपल्या घरांत मात्र हा हिशेब वर सरकतो. पुस्तकं, स्टीलचे डबे, खलबत्ता, दगडाचा वेट ग्राइंडर, मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेली तांदळाची पोती. तांदूळ, पीठ आणि डाळी संपवत आणा. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलमध्ये, भारतीय दुकानं भरपूर आहेत. भुशाच्या पाट्यांचं स्वस्त फर्निचर एकदा उघडलं की पुन्हा घट्ट बसत नाही, तेही इथेच देऊन टाका. जे विकत घ्यायला नेण्यापेक्षा स्वस्त पडेल, ते नेऊ नका. शिसमाचं कपाट किंवा आजीचा पितळी हंडा मात्र या हिशेबात धरू नका. ते न्यायचेच.

वजन होताना हजर राहण्याचा आणि सामान उतरवण्याआधी फेरवजन मागण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. ट्रकवाल्याला हे विचारायला संकोचू नका.

एस्टिमेट वाचायचं कसं

एस्टिमेट दोन प्रकारचं असतं. बाइंडिंग म्हणजे लिहिलेल्या सामानासाठी आणि सेवांसाठी लिहिलेली रक्कम पक्की. नॉन-बाइंडिंग म्हणजे खरं वजन झाल्यावर रक्कम बदलू शकते. पण ती कितीही वाढली तरी सामान ताब्यात देताना तुमच्याकडून एस्टिमेटच्या ११० टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. समजा एस्टिमेट ४,००० डॉलरचं आहे आणि हिशेब ४,९०० वर गेला. दारात तुम्ही ४,४०० द्यायचे. उरलेल्या ५०० डॉलरचं बिल किमान ३० दिवसांनंतरच येऊ शकतं. ट्रक निघाल्यावर तुम्ही मागितलेल्या जादा कामांचा हिशेब यात धरत नाहीत, तो वेगळा.

सही करण्याआधी समोरच्याचा यूएसडॉट नंबर, म्हणजे कंपनीचा केंद्रीय नोंदणी क्रमांक, घ्या आणि केंद्रीय वाहतूक खात्याच्या एफएमसीएसए या विभागाच्या संकेतस्थळावर तपासा. इलिनॉय राज्याचा परवाना राज्यातल्या राज्यात फिरण्यासाठी असतो, मिनेसोटाला जायला तो पुरत नाही. समोरचा ट्रकचा मालक आहे की ब्रोकर, हे सरळ विचारा. ब्रोकर तुमचं काम दुसऱ्याला विकतो, आणि ट्रक दारात येईपर्यंत तो कोणाचा हे तुम्हाला माहीत नसतं. ब्रोकर असणं बेकायदा नाही. पण सामान न बघता फार कमी आकडा आणि वर मोठं रोख डिपॉझिट मागितलं, तर तिथून निघा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही कधीच करू नका. ग्राहकाचे हक्क सांगणारी केंद्रीय पुस्तिका तुम्हाला द्यायलाच हवी, तीही मागून घ्या.

पैठणीचा हिशेब

हा भाग कृपा करून दोनदा वाचा, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं.

सामानाच्या जबाबदारीचे दोन पर्याय असतात. पहिला फुल व्हॅल्यू प्रोटेक्शन: वस्तू हरवली किंवा मोडली तर दुरुस्ती, तशीच दुसरी वस्तू किंवा तिची किंमत. याला पैसे लागतात. दुसरा रिलीज्ड व्हॅल्यू, जो फुकट मिळतो. त्यात भरपाई वस्तूच्या वजनावर, दर पाऊंडाला ६० सेंट. किंमत कितीही असो. साड्यांनी भरलेला ४० पाऊंडांचा बॉक्स हरवला तर तुमच्या हाती २४ डॉलर येतील. त्यात आईने दिलेली पैठणी होती की रोजच्या सुती साड्या होत्या, याने त्या आकड्यात एका सेंटचाही फरक पडत नाही. ३० पाऊंडांच्या टीव्हीला १८ डॉलर.

फुकटचा पर्याय तुमच्या लेखी सहीशिवाय लागू होत नाही. सही केली नाही तर फुल व्हॅल्यू हाच करार धरला जातो. म्हणून घाईत पुढे सरकवलेल्या कागदावर नेमकी कशाची सही मागतात ते बघा.

फुल व्हॅल्यू घेतलं तरी एक अट राहते. पाऊंडाला १०० डॉलरहून जास्त किमतीची वस्तू तुम्ही लेखी यादीत नोंदवली नाही, तर ट्रकवाल्याची जबाबदारी मर्यादित होऊ शकते. दोन पाऊंडांची पैठणी २०० डॉलरच्या वर गेली की ती या वर्गात आली. चांदीची पूजेची भांडी, अत्तरदाणी, ताम्हन हे सगळं तर येतंच. त्यामुळे आमचा सल्ला साधा आहे: दागिने, चांदी, भारी साड्या, पासपोर्ट, इमिग्रेशनचे कागद आणि लॅपटॉप तुमच्या गाडीत. देवही तुमच्याच गाडीत. देव्हारा आम्ही नीट बांधून आणतो.

तुम्ही स्वतः भरलेल्या बॉक्समध्ये काही फुटलं तर दावा सिद्ध करणं अवघड जातं. सगळं पॅकिंग आमच्याकडून घ्या असं नाही. कपडे, पुस्तकं, अंथरुणं तुम्ही भरा आणि पैसे वाचवा. काच, टीव्ही आणि क्रोकरी आमच्यावर सोडा. तानपुरा असेल तर तारा थोड्या सैल करा आणि शक्य तर मागच्या सीटवर आडवा ठेवा. भोपळ्यावर दुसरा बॉक्स आला की तो गेलाच.

ट्रकमध्ये काय चालत नाही

ज्वलनशील वस्तू आम्हाला कायद्याने नेता येत नाहीत: गॅसचे सिलिंडर, रंग, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, स्प्रेचे डबे, काडेपेट्या. कापूरही यातच येतो, म्हणून पूजेच्या सामानाचा बॉक्स बंद करण्याआधी कापराची डबी बाहेर काढा. तुळस आणि कढीपत्ता ट्रकमध्ये घेत नाही. मागच्या भागात हीटर नसतो, आणि जानेवारीत विस्कॉन्सिन ओलांडताना रोप एका रात्रीत काळं पडतं. लोणच्याच्या बरण्या तुमच्या गाडीत, उभ्या आणि दोन पिशव्यांत.

वाटेवर

रस्ता रॉकफर्ड, मॅडिसन, ओ क्लेअरवरून जातो. गाडीला सहा-साडेसहा तास, ट्रकला त्याहून जास्त. ड्रायव्हरला कामाच्या १४ तासांच्या चौकटीत ११ तासच गाडी चालवता येते आणि सामान चढवण्याचा वेळ त्या चौकटीत मोजला जातो. म्हणून सकाळी भरलेलं सामान दुसऱ्या दिवशी उतरतं. ट्रक फक्त तुमच्या सामानाचा असेल तर हे शक्य आहे. तीन घरांचं सामान एकाच ट्रकमध्ये असेल तर पोहोचण्याची तारीख एक नसते, काही दिवसांचा अवधी असतो. तो अवधी कागदावर लिहून घ्या, आणि तेवढ्या दिवसांचे कपडे, औषधं, एक कुकर आणि अंथरुण-पांघरुण गाडीत ठेवा.

हिवाळ्यात टीव्ही आणि कॉम्प्युटर घरात आणल्या आणल्या सुरू करू नका. थंड यंत्राला ऊब लागली की आत दव धरतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

ट्रकच्या भाड्याबाहेरचा खर्च

कंपनी मूव्हचे पैसे देत असेल तर ते २०१८ पासून पगारासारखे करपात्र आहेत. सैन्यातल्यांसारखे थोडे अपवाद सोडले तर सगळ्यांनाच. ५,००० डॉलर कबूल केले म्हणजे हातात ५,००० येत नाहीत. त्यामुळे ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरला विचारा, की त्यावरचा करही कंपनी भरणार का. या सोयीला ते ग्रॉस-अप म्हणतात आणि न विचारता ती क्वचितच मिळते. स्वतः केलेला खर्च केंद्रीय कर विवरणपत्रात वजा दाखवता येत नाही.

गाडीचा खर्च बहुतेकांना अनपेक्षित असतो. इलिनॉयमध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या प्रवासी गाडीच्या नोंदणीचे वर्षाला सरसकट १५१ डॉलर. मिनेसोटात नोंदणी गाडीच्या मूल्यावर आणि वयावर ठरते, त्यामुळे नव्या गाडीला काहीशे डॉलर सहज लागतात. दोन गाड्या असतील तर दोनदा. नोंदणी आणि लायसन्स बदलायला ६० दिवस मिळतात. मिनेसोटा हे नो-फॉल्ट विम्याचं राज्य (अपघातात चूक कोणाचीही असो, आपल्या उपचारांचा खर्च आधी आपलाच विमा देतो) असल्याने विम्याचा हप्ताही बदलेल, म्हणून कोट आधीच घ्या.

इलिनॉयचा आयकर सरसकट ४.९५ टक्के आहे. मिनेसोटात चार टप्पे, ५.३५ पासून ९.८५ टक्क्यांपर्यंत. तोच पगार असला तरी, विशेषतः तो मोठा असेल तर, दरमहा हातात येणारी रक्कम कमी होऊ शकते, हे घरभाडं ठरवतानाच धरा. ज्या वर्षी जाल त्या वर्षी दोन्ही राज्यांत विवरणपत्र भरावं लागतं. दिलाशाच्या गोष्टीही आहेत. मिनेसोटात कपड्यांवर विक्रीकर नाही, तेव्हा मुलांचे थंडीचे कोट आणि बूट तिथेच घ्या. तिथलं घराचं डिपॉझिट कायद्याने वर्षाला एक टक्का साध्या व्याजासह आणि घर सोडल्यावर तीन आठवड्यांत परत मिळतं. काही कापलं तर कारण लेखी द्यावं लागतं.

व्हिसावर असलेल्यांसाठी

थोडे अपवाद सोडले तर अमेरिकेचे नागरिक नसलेल्या प्रत्येकाने, ग्रीन कार्डधारकांनीही, पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ हा इमिग्रेशन खात्याचा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा असतो. तो ऑनलाइन भरता येतो आणि फी नाही. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, मुलांचाही. एच-वन-बीवर असाल आणि कामाची जागाच मिनियापोलिसला जात असेल, तर नव्या जागी काम सुरू करण्याआधी कंपनीने सुधारित अर्ज दाखल करायला हवा. घरून काम करत असाल तरी तुमच्या वकिलाला विचारा. ट्रक त्यानंतर ठरवा.

आमच्याशी बोलण्याआधी

सामान बघायला आम्ही घरी येतो किंवा व्हिडिओ कॉल करतो. त्या वेळी कपाटं, क्लॉजेट, गॅरेज, बाल्कनी आणि बेसमेंटमधला स्टोरेज उघडून दाखवा. पलंगाखालच्या बॅगासुद्धा. काय न्यायचं नाही ते तेव्हाच सांगा, म्हणजे ते वजनात धरलं जाणार नाही. सामान उतरताना यादीतला प्रत्येक नंबर स्वतः तपासा. काही फुटलेलं दिसलं तर सही करण्याआधी त्याच कागदावर लिहा आणि फोटो काढा. बॉक्स उघडल्यावर काही आढळलं तरी लेखी दाव्यासाठी ९ महिने मिळतात, तोपर्यंत बिल ऑफ लेडिंग (सामान नेण्याचा करार आणि पावती) आणि यादी जपून ठेवा. दावा मिळाल्याची पोच ३० दिवसांत द्यायला आम्ही बांधील आहोत.