बिग बँडमधला मेलोफोन : तीन-चार वर्षांच्या एका प्रयोगाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे चालत वाजवणाऱ्या पथकांत, जी मुले मेलोफोन हे पितळी फुंकवाद्य हाती घेतात, त्यांच्यापैकी कोणी जॅझकडे वळले की त्याला लवकरच एक अडचण येते. ट्रम्पेट वाजवणाऱ्याला लुई आर्मस्ट्राँगपासून माइल्स डेव्हिसपर्यंत ऐकण्यासारखे इतके असते की आयुष्य पुरू नये; ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचीही तीच गत. मेलोफोन मात्र बिग बँडच्या, म्हणजे मोठ्या जॅझ ऑर्केस्ट्राच्या, रेकॉर्डवर नावाने शोधू गेल्यास फारसा सापडत नाही. याचे निम्मे कारण असे की बिग बँडमध्ये तो खऱ्या अर्थाने नांदला तो १९६० ते १९६३ एवढाच काळ. उरलेले निम्मे कारण असे की त्या काळात त्याचे नावच निराळे होते.

वाद्य मुळात जॅझचे नव्हेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील लष्करी व हौशी बँडसाठी फ्रेंच हॉर्नला सोपा पर्याय म्हणून जी वाद्ये निघाली, त्यांच्या कुळातले हे वाद्य पुढे अमेरिकन कारखान्यांनी मेलोफोन या नावाने विकले. जुना मेलोफोन दुरून पाहिला तर फ्रेंच हॉर्नच वाटतो, कारण नळीचे वेटोळे तसेच गोल आणि भोंगा तसाच मागे वळलेला असतो. जवळून पाहिल्यावर फरक कळतो. हॉर्नचे व्हॉल्व्ह (स्वर बदलण्याच्या कळा) डाव्या हाताने दाबतात, मेलोफोनचे ट्रम्पेटप्रमाणे उजव्या हाताने. त्याहून महत्त्वाचा फरक नळीच्या लांबीचा आहे. एफ (F) सुरातल्या हॉर्नची नळी सुमारे १२ फूट असते, तर एफ मेलोफोनची त्याच्या साधारण निम्मी. नळी जितकी लांब, तितके केवळ ओठांच्या ताणाने निघणारे स्वर वरच्या पट्टीत एकमेकांना खेटून येतात आणि नेमका हवा तो स्वर पकडणे अवघड होते. म्हणूनच मुरलेला हॉर्नवादकही भर मैफलीत चुकतो. मेलोफोनवर हे स्वर एकमेकांपासून दूर असल्याने तसा धोका कमी असतो. या सोयीची किंमत मोजावी लागते ती नादाच्या खोलीत, कारण हॉर्नचा तो गडद, दूरवरून आल्यासारखा स्वर मेलोफोनमधून तसा निघत नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत नृत्याच्या ऑर्केस्ट्रांमध्ये एकेका वादकाला दोन-तीन वाद्ये यावी लागत आणि मेलोफोन हे बहुधा त्यातले ‘दुसरे’ वाद्य असे. हलक्या चालीच्या गाण्यात चार ओळी त्यावर वाजवायच्या आणि पुन्हा ट्रम्पेट उचलायचा, एवढेच त्याचे काम. या चाकोरीला अपवाद ठरला डडली फॉसडिक. मेलोफोनवर जॅझमधील एकल वादन करणाऱ्यांत त्याचे नाव आधी घ्यावे लागते. १९२८च्या सुमारास रेड निकोल्स आणि मिफ मोल यांच्या छोट्या गटांच्या रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकू येतो आणि टेड वीम्सच्या नृत्य-ऑर्केस्ट्रातही तो होता. पुढची मोठी व्यक्ती थेट १९५०च्या दशकात भेटते, ती म्हणजे डॉन एलियट. व्हायब्राफोन आणि ट्रम्पेटइतक्याच सहजतेने मेलोफोन वाजवणाऱ्या या कलावंताने ट्रम्पेटवादक रस्टी डेड्रिक याच्याबरोबर ‘काउंटरपॉइंट फॉर सिक्स व्हॉल्व्ह्ज’ हा अल्बम केला. शीर्षकातले सहा व्हॉल्व्ह म्हणजे दोघांच्या वाद्यांचे प्रत्येकी तीन. मेलोफोनवर जॅझचे एकल वादन कसे असावे हे ऐकायचे असेल तर माझ्या मते एलियटला पर्याय नाही, पण त्याचे उत्तम काम लहान गटांतले आहे आणि बिग बँडच्या शोधात ते पुरे पडत नाही.

बिग बँडचा धागा बँडनेता स्टॅन केंटन याच्याकडे जातो. १९४१मध्ये कॅलिफोर्नियात स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या केंटनला भव्य नादाचे जवळजवळ वेडच होते. १९५०-५१मध्ये त्याने तंतुवाद्ये आणि फ्रेंच हॉर्न यांच्यासह चाळिसेक वादकांचा ‘इनोव्हेशन्स’ ऑर्केस्ट्रा देशभर फिरवला आणि आर्थिक बाजूने हात पोळून घेतले. तरीही ट्रम्पेटच्या झळाळीच्या खाली आणि ट्रॉम्बोनच्या भारदस्तपणाच्या वर एक तिसरा पितळी रंग असावा, ही त्याची ओढ सुटली नाही. फ्रेंच हॉर्न तिथे पुरेसा नव्हता, कारण त्याचा भोंगा मागे वळलेला असतो आणि दहा पितळी वाद्ये एकदम गर्जू लागली की त्याचा आवाज त्यांच्याखाली दबून जातो. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथील कॉन कंपनीने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक नवे वाद्य काढले होते. ते मेलोफोनच होते, पण त्याचे वेटोळे सोडवून मोठा भोंगा ट्रम्पेटसारखा थेट समोर रोखलेला होता. कंपनीने त्याला ‘मेलोफोनियम’ म्हटले आणि १९६०मध्ये केंटनने ते आपल्या बँडमध्ये आणले.

त्याने एक-दोन नव्हे, चार मेलोफोनियम घेतले आणि त्यांचा वेगळा ताफाच बसवला. पाच ट्रम्पेट, चार मेलोफोनियम, ट्युबा धरून पाच खालच्या पट्टीची पितळी वाद्ये, म्हणजे एकूण चौदा तोंडे पितळेची. सॅक्सोफोनही त्याने नेहमीसारखे न ठेवता एक आल्टो, दोन टेनर आणि दोन बॅरिटोन असे खाली झुकवले, जेणेकरून मधली जागा नव्या वाद्याला मोकळी राहावी. प्रत्यक्षात हे वाद्य सुरात ठेवणे जिकिरीचे ठरले. ते वाजवायला घेतलेले बहुतेक जण मूळचे ट्रम्पेटवाले होते. ओठांची सवय एका वाद्याची आणि हातात दुसरे, त्यात चौघांनी एकाच स्वरावर एकत्र यायचे! बँडमधल्या अनेकांना ही भर मुळीच रुचली नव्हती, आणि त्या काळातले काही तुकडे ऐकताना त्यांची तक्रार निराधार वाटत नाही.

तरीही जे जमले ते विलक्षण होते. १९६१मध्ये संथ गाण्यांच्या केंटनने स्वतः बांधलेल्या रचना ‘द रोमँटिक अप्रोच’मध्ये आल्या, चारही मेलोफोनियम एकत्र मुख्य चाल धरतात तेव्हा काय घडते, हे कळण्यासाठी सुरुवात इथूनच करावी. त्याच वर्षी रचनाकार जॉनी रिचर्ड्सने बर्नस्टाइनच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीत नाटकाचे संगीत या ताफ्यासाठी नव्याने बांधले. त्या अल्बमला आणि पाठोपाठ ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन जॅझ’ला मोठ्या जॅझ समूहासाठीचा ग्रॅमी पुरस्कार सलग दोन वर्षे मिळाला. ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन ब्लूज’मध्ये जीन रोलंडच्या रचना आहेत आणि तो स्वतः मेलोफोनियमही वाजवतो, ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन टाइम’ हे पुन्हा रिचर्ड्सचे, अवघड तालांचे काम. काउबॉय गीतांचा गायक टेक्स रिटर याच्याबरोबरचा १९६२चा अल्बमही याच काळातला, पण तो कुतूहल म्हणून ऐकावा. या सर्व रेकॉर्डवर वाद्याचे नाव ‘मेलोफोनियम’ असे असल्याने ‘मेलोफोन’ शोधणाऱ्याच्या नजरेतून त्या सहज निसटतात. दुसरी अडचण अपेक्षेची आहे. इथे एकल वादन शोधू नये. या वाद्याची खरी कमाई ताफ्याच्या सामुदायिक नादात आहे.

१९६३च्या अखेरीस हा ऑर्केस्ट्रा विसर्जित झाला. १९६५मध्ये केंटनने लॉस एंजेलिस निओफोनिक ऑर्केस्ट्रा उभारला तेव्हा त्या मधल्या जागेवर पुन्हा फ्रेंच हॉर्नच बसले होते, हे पुरेसे बोलके आहे. मोठ्या बँडच्या इतर नेत्यांनीही मेलोफोनियमचा ताफा उचलून धरला नाही.

वाद्य टिकले ते मैदानावर. उघड्यावर चालत वाजवायचे तर समोर रोखलेला भोंगा आणि चटकन पकडता येणारे स्वर हेच हवे असतात, आणि आजचा मार्चिंग मेलोफोन घडणीने कॉनच्या त्या वाद्याचाच वंशज आहे. मैदानावरच्या पथकांनी केंटनचे संगीतही उचलले. ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन जॅझ’मध्ये बिल होल्मनने बांधलेली, मूळ क्यूबन संगीतकार एर्नेस्टो लेक्युओनाची ‘मालागेन्या’ ही ड्रम कोअरच्या, म्हणजे पितळी वाद्ये व ड्रम यांच्या मैदानी पथकांच्या, जगात इतकी रुजली की १९८८ची राष्ट्रीय स्पर्धा मॅडिसन स्काउट्स या पथकाने ती वाजवूनच जिंकली. त्या वेळी नियमाप्रमाणे पथकांची सगळी पितळी वाद्ये ‘जी’ (G) सुरातली बिगुले असत. ते बंधन २००० साली सुटले आणि मेलोफोन आपल्या मूळच्या एफ सुरात मैदानावर उतरला.